पाचापैकी तीन तारे

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. तो माणूस आमच्या घनसावंगीच्या घरी आला, चहाचा कप हातात घेतला आणि एक घोटही न घेता म्हणाला, "वहिनी, चहा फक्कड झालाय." तिथेच मी मनात म्हटलं, याच्यापासून जपून राहायला हवं.

ही नव्वदीनंतरची गोष्ट. आमचे हे आधी गवंडी होते, पुढे घरं बांधायचे ठेके घ्यायला लागले. तो माणूस सांगत होता, "आमच्या संस्थेचे सभासद व्हा. आम्ही ठेकेदारांचा दर्जा ठरवतो, तारे देतो. तारे पाहिले की गिऱ्हाईक डोळे झाकून काम देतं."

"डोळे झाकून काम देणारं गिऱ्हाईक इकडं कुठं राहतं म्हणे?" मी स्वयंपाकघरातून विचारलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चुलीकडे वळले.

आमच्या भागातली रीत मला पक्की माहीत होती. घर बांधायचं असलं की माणूस भर भादव्यात ठेकेदाराच्या जुन्या घरांमधून फिरायचा. भिंतीला तळहात लावून ओल बघायचा आणि घरातल्या बाईला विचारायचा. पुरुष भिडेखातर खोटं बोलेल, पण जिच्या तव्यावर पाणी टपकतं ती कशाला बोलेल? या रीतीवरच आमचं बरं चाललं होतं. तरी ह्यांनी वर्गणी भरलीच. महिन्याभराने पोस्टाने एक चकचकीत पाटी आली. त्यावर ह्यांचं नाव आणि पाचापैकी तीन तारे सोनेरी. ह्यांनी ती बैठकीत, दारातून शिरलं की समोर दिसेल अशी ठोकली आणि शर्टाच्या बाहीनं पुसली.

तेव्हा एका निवृत्त गुरुजींचं घर बांधायचं काम जवळजवळ ठरलं होतं. त्या हंगामात हातात दुसरं काम नव्हतं आणि ह्यांच्या भरवशावर गवंडी-बिगारी थांबून होते. गुरुजी बोलायला आले आणि आधी पाटीच वाचत उभे राहिले. शेवटी मास्तर माणूस.

"पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के," ते म्हणाले. "बाकीचे दोन कशात गेले?"

दुसरा कुणी असता तर थाप मारून मोकळा झाला असता. आमचे हे म्हणजे सरळ रेघ. "गुरुजी, मोठी वर्गणी भरली की पाच मिळतेत. मी लहानी भरली."

"म्हणजे मार्क विकत मिळतात!" गुरुजींनी कप बशीत ठेवला. "कळवतो," म्हणाले आणि निघून गेले.

मी संतापले. "काढा ती पाटी. न्हाई तर मी काढते. चांगलं ठरत आलेलं काम हिनं घालवलं."

हे खाटेवर बसले होते. खाली बघत म्हणाले, "चौथीत शाळा सुटली माझी. बराबर काम केलं तर लोक गप बसतेत, चुकलं तर बोंबलतेत. मार्क म्हणून कुणी दिले न्हाईत मला आजवर. हे पहिले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पाटी भिंतीवरच राहिली.

त्या भादव्यात गुरुजी कुणाला न सांगता आमची जुनी घरं बघत फिरले. एका घरच्या बाईनं पायऱ्या उंच केल्या म्हणून ह्यांना भरपूर नावं ठेवली, पण भिंती कोरड्या आहेत हेही सांगितलं. एवढी नावं ठेवणारी बाई खोटं बोलणार नाही, असं गुरुजींनी ठरवलं आणि काम आम्हाला दिलं. पुढच्या वर्षी बुद्धवंदना घेऊन त्यांच्या घरची मंडळी नव्या घरात राहायला गेली. पाटीकडे पाहून काम दिलं असं आम्हाला कुणीच कधी सांगितलं नाही.

त्याच वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा तो तारे देणारा माणूस वर्गणी मागायला पुन्हा आला. मी चार शब्द सुनावायच्या तयारीत होते, पण ह्यांनी मला हातानं थांबवलं.

"भरतो की," हे म्हणाले. "फक्त एक करा. गुरुजींचं घर हितंच, मारुतीच्या मागं हे. पाऊस होऊन गेलाय. जल्दी जाऊन येऊ. आत जा, भिंतीला हात लावून बघा. मंग दोन द्या, एक द्या, काहीच नका देऊ. पण बघून द्या."

तो माणूस हसला. "छे छे, त्याची काही गरज नसते हो. तुम्ही मोठी वर्गणी भरा, पाच तारे पक्के."

"पाच नकोत मला. चला तर खरं. पाच मिनिटाचं काम हे."

त्यानं घड्याळ पाहिलं. जालन्याची गाडी चुकेल म्हणाला आणि बॅग उचलून निघाला. हे पायात चपला घालून, चलायच्या तयारीनं दारात तसेच उभे. त्या घटकेला मला त्या माणसाचा जेवढा राग आला, तेवढा जन्मात कुणाचा आला नाही.