बळीराम खुशाल आहे

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीतून खानदेशात जाणारं जवळजवळ प्रत्येक पत्र बळीरामच्या हातचं असायचं. आठवडाभर कारखान्यात कापडाची लूम चालवायची आणि सुटीला ओट्यावर बसून लोकांची पत्रं लिहायची. हात मोठा सफाईचा! कुणाचं काम सुटलेलं असो, कुणाच्या खोलीत खाडीचं पाणी शिरलेलं असो, बळीरामच्या पत्रात एकच मजकूर: "आम्ही सर्व खुशाल, काळजी नसावी."

मग कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ आला आणि बळीरामच्या ओट्याकडे काळं कुत्रं फिरकेना. माणूस पार खचला. बायकोनं, शकूनं, आपल्या भावाला निरोप धाडला. भूपेंद्रनं उधन्याला नवाकोरा सायबर कॅफे टाकला होता. तो म्हणाला, "दाजी, कॅनडातल्या कुणी गायत्रीताई ईमेलवर वर्ग घेतात. सीमा ओलांडून गेलेल्या माणसानं आपली खरी हकीकत लिहायची, पण गोष्टीसारखी. तुम्ही पण बॉर्डर ओलांडलीच ना?"

"ओलांडली की! नवापूरला."

थट्टा नव्हे. नवापूरच्या फलाटावरूनच दोन राज्यांची हद्द जाते. एका बाकड्याचं एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. वर्गात बाकी सगळे लंडन-टोरांटोवाले. एकानं विचारलं, "तुम्हाला व्हिसा कसला लागला?" बळीरामनं कळवलं, "जनरल डब्याचं तिकीट लागतं. मी तेही काढलं नव्हतं."

पहिला धडा त्यानं झोकात सांगितला आणि भूपेंद्रनं इंग्रजी अक्षरांत टाइप केला. "सुरत शहर मोठं आहे. काम मिळालं. जेवणाखाण्याची चंगळ आहे. आम्ही सर्व खुशाल."

गायत्रीताईंचं उत्तर आलं: "छान. पण यात गोष्ट कुठे आहे?"

बळीराम भडकला. "बाईला माणसाचं बरं झालेलं बघवत नाही!" दुसऱ्या धड्यात मग त्यानं हद्दीवर काटेरी तारा लावल्या, दोन बंदूकवाले उभे केले आणि स्वतःला मालगाडीखालून सरपटत नेलं. ताईंनी ते एका ओळीत परत केलं: "बळीरामभाऊ, खरं लिहायचं आहे."

शकू भाकरी थापता थापता हसत सुटली. "अहो, बंदुका कशाला आणता? बाकड्याचं लिहा ना!"

 बाकड्याची गोष्ट बळीरामनं फक्त शकूला सांगितली होती. नवा नवा सुरतेला आला तेव्हा लूमच्या खडखडाटानं त्याचं डोकं फिरायचं, एका खोलीत बाराजण पाळीपाळीनं झोपायचे. दोन-तीनदा तो पळून गावी निघाला. दर वेळी नवापूरला उतरला, बाकड्याच्या गुजरातकडच्या टोकाला बसला, भजी खाल्ली, रडला आणि उलट्या गाडीनं परत आला. गावी जाणार कोणत्या तोंडानं? आपणच लिहिलेलं होतं ना, चंगळ आहे म्हणून!

"आणि मायनं वाचलं तर?" बळीरामनं विचारलं. "इतकी वर्षं मी तिला खोटं सांगितलं, हे कळल्यावर ती तोंड बघेल का माझं?"

"माय काय कॅनडात बसली आहे?" शकू म्हणाली.

हे पटलं. त्यानं सगळं सांगितलं, अगदी भज्यांसकट. भूपेंद्र टाइप करता करता नाक ओढत होता. ताईंना ते इतकं आवडलं की त्यांनी आपल्या वेबसाइटवर टाकलं.

आता दोंडाईच्याकडच्या त्याच्या गावच्या मास्तरांचा पोरगा नेमका अमेरिकेत असावा, त्यानं ते वाचून, छापून बापाला पाठवावं आणि बापानं पारावर बसून मोठ्यानं वाचावं, याला काय म्हणावं? एके दिवशी बूथवाला ओरडत आला, "बळीरामभाई, गामथी फोन छे!"

शकू मागोमाग धावली. बळीरामनं रिसीव्हर उचलला तो दोन्ही हातांनी. "माय, चुकलो गं. तुला खोटं लिहीत राहिलो..."

"ऐक," माय म्हणाली. "तुना बाप बी त्याच बाकड्यावर बसेल व्हता."

बळीरामला काही उमगेना. मग मायनं सांगितलं. बळीराम सुरतेला गेला त्याच साली बापाचं दुखणं वाढलं होतं. पोराला घरी आणतो म्हणून म्हातारा भाकरी बांधून निघाला आणि नवापूरला उतरला. बाकड्याच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला बसून राहिला आणि भाकरी तशीच घेऊन परत आला. पोराची तिकडे चंगळ चालली आहे, त्याला कशाला ओढून आणायचं, म्हणाला. घरी येऊन त्यानं मास्तरांकडून सुरतेला पत्र धाडलं.

बळीरामला ते पत्र पाठ होतं. "इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी." त्यानंतर थोड्याच दिवसांत बापाच्या मरणाची तार आली होती.

फोन ठेवून तो बाहेर आला. शकूनं घाबरत विचारलं, "काय म्हणाल्या सासूबाई?"

"खुशाल आहेत," बळीराम सवयीनं म्हणाला. मग बूथच्या पायरीवर बसून, सगळ्या लिंबायतदेखत, पोरासारखा हमसून हमसून रडला.