कुलूपवाल्या मामांचं वॉलेट

आमचे मामा कुलूपवाले. गल्लीतली सगळी दारं त्यांनी उघडली, पण विश्वास कुणावर टाकला नाही. आयुष्यभराची कमाई क्रिप्टोत घातली आणि तिची डिजिटल किल्ली पेनड्राइव्हसारख्या, बोटाएवढ्या हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवली. वॉलेट बिघडलंच तर लागणारे चोवीस शब्द पाठ केले आणि कागद जाळून टाकला. "कागद चोरता येतो, डोकं नाही!"

अर्धांगवायूने नेमकं डोकंच लुटलं. ते शब्द गेले, वॉलेट उघडायचा पिनही धूसर झाला. उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून मामीने वॉलेट त्यांच्या हाती दिलं. पहिला पिन चुकला.

"अहो, थांबा, नीट आठवा!"

पण हात कुलूपवाल्याचा. एक किल्ली लागली नाही की लगेच दुसरी. तिसऱ्या चुकीला वॉलेटने स्वतःला कायमचं पुसून टाकलं.

"उघडलं का हो?"

मामांनी नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या किल्लीसाठी मामीपुढे हात पसरला.