बाईचं पोट नको

नगरच्या बाहेर हायवेला लागून आमचं हॉस्पिटल आहे, त्यालाच जोडून कॉलेज. मी तिथे अपघात विभागात डॉक्टर आहे आणि आठवड्यातून एकदा शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना पोटातला रक्तस्राव सोनोग्राफीवर कसा ओळखायचा ते शिकवते. पडद्यावर रक्त लाल दिसत नाही, काळं दिसतं. म्हणून आमच्या वर्गाचं पालुपद एकच: काळं शोधा.

मशीन कुलपात असतं. वर्गाच्या दिवशी सोनोग्राफी विभागाचा शिपाई ते ढकलत आणतो आणि वर्ग संपेपर्यंत शेजारी उभा राहतो. शिकायला पोट लागतं, आणि पोट द्यायला वर्गातला एक जाडजूड मुलगा कायम तयार.

"आत मिसळ दिसतीय का बघ," तो पडल्या पडल्या म्हणायचा.

"दिसतीय. तर्रीसकट."

"मॅडम, खाली मोठं काळं दिसतंय. मरतोय बहुतेक हा."

"ते मूत्राशय आहे. जाऊन ये रे आधी."

असा सगळा हसतखेळत कारभार. पण कॉटवर झोपणारा दर वेळी मुलगाच. सोनोग्राफीच्या विभागप्रमुख सरांनी मशीन देतानाच अट घातली होती: "फक्त पुरुष. बाईचं पोट नको."

वर्गात पुणतांब्याची एक मुलगी होती. सगळ्यांत स्थिर हात तिचा. तिनेच एकदा विचारलं, "मॅडम, बाईचं पोट कधी शिकवणार? ते तर आतून वेगळं असतं ना?"

मी सरांकडे गेले. म्हटलं, वर्गातल्याच मुली आळीपाळीने झोपतील. मशीन वापरायची परवानगी असलेल्या डॉक्टरांच्या नोंदणीत माझं नाव आहे, मी शेजारी उभी राहीन.

"आणि त्यातली एखादी गरोदर निघाली तर?" सर म्हणाले.

मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"सर, त्या डॉक्टर व्हायला आल्यात इथे."

"मी कुठे काही म्हणतोय? कायदा आहे, मॅडम. उगाच त्रास नको."

"गरोदर नसलेल्या बाईच्या पोटातलं रक्त शोधू नका, असं कायद्यात कुठे लिहिलंय?"

"नसेल लिहिलं. पण त्रास नको."

हा कायदा मला कुणी सांगायची गरज नव्हती. कोपरगावला आमच्या घरात आई आणि तिच्या मैत्रिणी गर्भलिंगनिदानाविरुद्ध पत्रकं काढायच्या. शाई ओली असताना घडी घालायची नाही, हे मला वाचायला येण्याआधी कळत होतं. बाजारच्या दिवशी मी आईचा पदर धरून ती वाटायचे. कुणी वाचायचं, कुणी समोरच त्यात भजी बांधून घ्यायचं. एकदा एका पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांनी आईला विचारलं, "तुला पोरगीच हाय म्हनून करती का गं हे?" आई म्हणाली, "व्हय बाबा, तिच्यासाठीच." आणि त्यांच्या हातात आणखी एक पत्रक दिलं.

तेव्हा मला हा कायदा हवा आहे. कुलूप हवं आहे. गर्भलिंगनिदान होत नाही, अशी पाटी दारावर हवी आहे. पण ते कुलूप ज्या मुलींना वाचवायला आणलं, त्या वाचल्या, वाढल्या, डॉक्टरकी शिकायला आल्या, आणि आता त्याच कुलपाकडे बोट दाखवून त्यांना सांगायचं की तुम्ही शिकू नका? ह्याला कायदा पाळणं म्हणत नाहीत. ही स्वतःची खुर्ची सांभाळणं झालं. आठ मार्चला हेच लोक स्टेजवर मुलींच्या शिक्षणावर भाषण करतात आणि आम्ही गुलाबाचं फूल घेऊन टाळ्या वाजवतो.

नंतरच्या एका वर्गाच्या दिवशी, भर दुपारी, राहुरीकडून टेम्पोत घालून एका बाईला आणलं. घरात चक्कर येऊन पडली होती. पोट दुखत होतं, तळवे पांढरे पडलेले, नाडी हाताला लागत नव्हती. बरोबर सासू. तिने सांगितलं, दिवस गेलेत, नुकतेच.

मशीन बाहेरच होतं. मी ओढून घेतलं तर शिपाई मध्ये आला. "मॅडम, बाई हाय. आन गरवार हाय. सरांना फोन लावू का?"

"लाव. तोवर मी बघते."

मुलं मागे उभी होती. पोटावर फिरवायचा प्रोब माझ्याच हातात होता, तो मी कुणाला दिला नाही. पडद्याकडे बघत मी पुणतांब्याच्या मुलीला विचारलं, "रक्त कुठे आहे?"

तिने क्षणभर पाहिलं आणि मधल्या मोठ्या काळ्या गोलावर बोट ठेवलं. ते मूत्राशय होतं. बाईत त्याच्या मागे गर्भाशय येतं आणि त्याच्याही मागे एक खोलगट जागा असते. रक्त आधी तिथे उतरतं. तिथे काळा पट्टा होता. गर्भाशय रिकामं होतं. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. मुलीला तो पट्टा दिसला नाही, कारण ती जागा तिने आयुष्यात पाहिलेलीच नव्हती. पाहू दिली नव्हती.

सासू माझ्या खांद्याशी आली. "बाई, पोरगं हाय ना?"

"आजी, पोटात रक्त साठलंय. हिला आत्ता ऑपरेशनला घ्यावं लागेल."

"ते तुमी बघालच. पर पोरगं हाय का तेवढं सांगा. दोन पोरी हायेत हिला."

"गर्भ राहणार नाही, आजी. सून राहील का ते बघू द्या."

कॉटवरच्या बाईने डोळे उघडले. तिने ना गर्भाचं विचारलं, ना स्वतःचं. म्हणाली, "पोरींना शाळंतून आनलं का कुनी?"

"मी आणायला सांगते," पुणतांब्याची मुलगी म्हणाली, आणि खरंच बाहेर जाऊन, टेम्पोपाशी थांबलेल्या त्या बाईच्या नवऱ्याला सांगून आली.

ऑपरेशन झालं. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. बाई कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "विद्यार्थी पडद्यासमोर का होते?" मी म्हटलं, शिकत होते. ते म्हणाले, "पुन्हा नको."

संध्याकाळी ती मुलगी आली. "मॅडम, पुढच्या वर्षी गावाकडच्या दवाखान्यात माझी ड्युटी लागेल. अशी बाई आली तर मी मूत्राशय तेवढं ओळखीन आणि काही नाही म्हणून घरी पाठवून देईन." रडत वगैरे नव्हती. रागावली होती, आणि तो राग माझ्यावरही होता. बरोबर होता.

पुढच्या वर्गाला मी येताना तांब्याभर पाणी पिऊन आले. मूत्राशय भरलेलं असलं की मागचं नीट दिसतं. जाड्या सवयीने कॉटकडे निघाला.

"तू कॉटच्या कापडी पडद्याच्या पलीकडे जा. सगळे मुलगे तिकडे. स्क्रीन तुमच्याकडे वळवते, तेवढंच बघायचं."

मी कॉटवर आडवी झाले. शिपाई न सांगता पाठ फिरवून उभा राहिला. पुणतांब्याच्या मुलीने जेल लावलं. गार होतं.

"दाब अजून. मी मोडत नाही."

तेवढ्यात दारात सर आले. शिपायाने कळवलं असणार, त्याचं कामच ते. "हे काय चाललंय, मॅडम?"

मी उठले नाही. "बाईचं पोट आहे, सर. माझं. गरोदर नाही, चाचणी करून आलेय. त्रास काही असला तर तो मला होईल."

कुणी हललं नाही. मुलीचा हातही नाही. मग सर म्हणाले, "दार तरी लावून घ्या," आणि गेले. ती परवानगी होती की नाही, मी विचारायला गेले नाही.

"सांग," मी म्हटलं.

"हे मूत्राशय. हे गर्भाशय." ती थांबली, मनगट जरासं कलतं केलं. "ही मागची जागा. काळं नाही, मॅडम."

"नक्की?"

"नक्की."

"मग पुढचीला दे. आणि लवकर आटपा गं, तांब्याभर पाणी प्यायलेय मी."