म्हात्रेकाकांचं कौतुक

हसा, खुशाल हसा! मला मात्र अजून कोलाडच्या नाक्यावरून जाताना ओढणीत तोंड लपवावंसं वाटतं.

झालं काय, रोह्याच्या आमच्या कंपनीत मला पॅकिंगची मॅनेजर केलं. पेणची पोरगी, एकदम केबिन! वर शिकवायला एक मेंटॉरही दिले. निवृत्त साहेब, दर आठवड्याला फोनवरून मला पुढारीपण शिकवायचे. म्हणाले, "एकेकाला केबिनमध्ये बोलाव, चहा पाज, मनापासून कौतुक कर. माणसं जोडली जातात."

मी पहिला मान दिला म्हात्रेकाकांना. आमच्यात सगळ्यात जुने.

"काका, तुमच्यासारखा माणूस कंपनीला पुन्हा मिळणार नाही. तुमचे कष्ट आम्ही कधीच विसरणार नाही."

काकांचा चेहरा पांढराफटक. "म्याडम, काय चुकलं माझं?"

"काहीच नाही हो! चहा घ्या ना."

चहा तसाच टाकून गेले. मला वाटलं, गहिवरले!

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे माणसाचं तोंडावर कौतुक कधी होतं? निरोप समारंभात! हातात शाल-नारळ देतात तेव्हा! एरवी आमच्या कंपनीत नुसती बोलणी खायची. पण हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरेल तर शप्पथ.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे: म्याडम एकेकाला काढतायत. आमच्या पॅकिंगमधल्या, निडी गावच्या सुनंदाताई तर केबिनच्या दारातूनच म्हणाल्या, "मला चहा नको, म्याडम. माझी पोरं ल्हान हायत!"

दुसऱ्या दिवशी काका गैरहजर. माझा फोन उचलेनात. आणि त्यांची बायको थेट गेटवर हजर.

"गो बाय, रविवारी पोरीचा साखरपुडा हाय. तो झाल्यावर तरी काढायचं व्हतं! हे गेलेत कोलाडला, व्याह्यांना सांगायला. नोकरी गेली हे लपवून सोयरीक करणार नाय म्हणतात."

अरे देवा! माझ्या एका कप चहापायी पोरीचं लग्न मोडणार! तशीच स्कूटी काढली.

कोलाडला ओटीवर काका मान खाली घालून बसलेले. समोर होणारे व्याही आणि मुलाची आजी. मी धापा टाकत सुरुवात केली, "म्हात्रेकाकांसारखा प्रामाणिक माणूस..."

काका हात जोडून उभेच राहिले. "म्याडम, हितं तरी नको!"

आता आली का पंचाईत? कौतुक चालत नाही, मग काय करणार? मी आवाज चढवला. "न सांगता दांडी मारता? लेबलं उलटी लावून ठेवायची आणि वर घरी बसायचं? उद्या सकाळी शिफ्टला दिसला नाहीत तर याद राखा!"

काकांनी आयुष्यात एक लेबल उलटं लावलेलं नाही. पण चेहरा काय फुलला म्हणता! "ऐकलंत? नोकरी हाय! हाय माझी नोकरी!"

मी ऐटीत व्याह्यांकडे बघितलं. ते कपाळाला आठ्या घालून माझ्याकडेच बघत होते.

"नोकरीचं काय घेऊन बसलात?" ते म्हणाले. "गेली तरी सून हीच आणायची, हेच मघापासून समजावतोय त्यांना. पण म्याडम, बापाच्या वयाच्या माणसाला व्याह्याच्या दारात असं झापतात व्हय?"

लाजेनं मेले हो मी! काकांकडे बघायचीसुद्धा हिंमत होईना.

शेवटी आजीलाच माझी दया आली. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाय, येवढी शिकलीस. आता माणसांशी बोलायचं कसं, तेवढं कुणाकडून तरी शीक गो."

"शिकतेय ना, आजी," मी पुटपुटले, "कंपनीच्या खर्चानं!"