न फुटलेल्या ढाली

"त्याच्याकडे नको देऊस रे, तो फोडतो."

हेडफोनमध्ये ऑनलाइन खेळातला आमचा लीडर बोलत होता. तो हिंजवडीत नोकरी करायचा आणि रविवारी दुपारी जेवून खेळायला बसायचा. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तो खेळातला लोहार, कसबा पेठेतला मुलगा, तोही ऐकत होता.

"मॅडमकडंच देणार हाय मी," लोणी काळभोरच्या कॉलेजातला विद्यार्थी म्हणाला. "त्यांच्याकडं कधीच फुटत नाय."

मॅडम म्हणजे मी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. गिल्डमध्ये, म्हणजे खेळातल्या आमच्या गटात, लोहार दोनच. कसबा पेठेतला तो आणि मी. बाकीचे माइकवर बोलायचे. मी फक्त टाइप करायचे. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी ऐकून कोणी हसेल, ही भीती होती.

नियम साधा होता. ज्याला ढाल हवी त्याने सामान आणायचं, लोहाराने ती फुकट घडवायची. घडवताना चार-पाचांतली एखादी ढाल फुटायची आणि सामानही जायचं. कोणती फुटणार ते खेळच ठरवायचा, लोहाराच्या हातात काही नसायचं. फुटली तर कोणाचा दोष नाही, असं आमच्या नियमांत लिहिलंही होतं.

माझ्याकडची पहिली ढाल फुटली तेव्हा ते कळवायला मला शब्दच सुचेनात. 'थोडा वेळ लागेल,' एवढं टाइप केलं. दोन दिवस कॉलेजच्या आधी उठून खेळातल्या खाणीत धातू खणला, दुसरी ढाल घडवली आणि देऊन टाकली. मग दर वेळी तेच. वाटायचं, यात कोणाचं काय बिघडतंय? कसबा पेठेतला मात्र फुटली की लगेच सांगायचा. हळूहळू त्याच्याकडे कोणी जाईना. "हात एकदा डॉक्टरला दाखवून घे," लीडर म्हणायचा, सगळे हसायचे. हसरा चेहरा मीही टाइप केला होता. बऱ्याचदा.

त्या दुपारी लोणीच्या विद्यार्थ्याने मला ढालीसाठी काळा स्फटिक दिला. वीस जणांनी मिळून एक राक्षस मारला तर तो कुणा एकाला मिळायचा. चार महिन्यांनी त्याचा नंबर लागला होता. ही ढाल घेऊन संध्याकाळच्या लढाईत तो पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे उभा राहणार होता.

मी बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. स्फटिक गेला.

हा कुठल्या खाणीत खणून मिळणार नव्हता. तरी मी माझी खेळातली पेटी उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडली. लाइट गेली म्हणून सांगावं? पण नंतर काय? नेटची केबल ओढायला मी टेबलाखाली वाकले.

"झाली का, मॅडम?"

"पॉलिश मारत असतील," लीडर म्हणाला.

"त्याच्याकडं दिली असती तर आत्तापर्यंत तुकडे येचत बसलो असतो," लोणीचा हसत म्हणाला.

इतका वेळ गप्प असलेला कसबा पेठेतला तेव्हा बोलला. "घाई नका रे करू त्यांना. आमचे बाबा तांब्याची भांडी घडवतात. डोक्यावर कोणी उभं राहिलं की त्यांच्याही हातून एखादं चिरतं."

तो माझी बाजू घेत होता. मला वाटलं, यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी केबल सोडली. कधीच न वापरलेला माइक चालू केला. 'हॅलो' म्हणाले. माझा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून डोकावली.

"तुझी ढाल फुटली," मी म्हणाले. "माझ्याकडे पण फुटतात. पहिल्यापासून. त्याच्याकडे जेवढ्या फुटतात ना, तेवढ्याच."