हरणांशी बोलणाऱ्या मावशी

मावशी मेलेल्या हरणांशी मराठीत बोलायच्या. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या लॅबमध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या रानटी हरणांचं मांस तपासायला यायचं. मावशी ते बारीक करून डब्यात भरायच्या, डबा शिशाच्या पेटीत ठेवून किरणोत्सर्ग मोजायच्या. पेटी बंद करताना म्हणायच्या, "बोल बाळा, मी ऐकतेय." बाकीचे हसायचे. हसू देत मेले!

जुन्या अणुचाचण्यांची धूळ पावसाबरोबर डोंगरांवर पडली, मातीतून गवतात आणि गवतातून हरणांत गेली. अजूनही जराशी सापडते. "चाचण्या कधीच्या थांबल्या गं," मावशी म्हणायच्या, "पण हरणांना कोणी कळवलंच नाही."

मावशी मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. नवरा गेलेला, मुलगा मिल्टन कीन्सला, लंडनमधल्या ईलिंगच्या घरात त्या एकट्याच. मराठी बोलायला फक्त मी आणि हरणं.

एकदा त्यांनी नवसाचा मलिदा आणला, म्हणजे गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे, आणि तोही लॅबच्याच कोऱ्या डब्यात! मॅनेजरने नमुना समजून तो पेटीत ठेवला. आकडे आले, आणि बिचाऱ्याचा चेहराच उतरला. मावशी पोट धरून हसल्या. "अहो, केळं घातलंय त्यात! केळ्यात किरणोत्सर्ग असतोच थोडासा, देवाघरचा. खा आता मुकाट्याने!" हे सगळं मराठीत. त्याने खाल्लं.

रिटायर झाल्यावर त्यांनी मलिद्याच्या प्रार्थनेला झाडून सगळ्यांना बोलावलं. भलंमोठं ताट मांडलं. मुलाचा फोन आला, "सॉरी मम, वीकेंडला खूपच बिझी आहे." इतरांचे मेसेज आले. पोचले मी एकटीच. मावशी कितीतरी वेळ पडदा सरकवून रस्त्याकडे बघत होत्या. शेवटी डोकं झाकून स्वतःच प्रार्थना म्हणायला लागल्या. मधेच थांबून म्हणाल्या, "तू आमेन तरी म्हण गं." मी म्हटलं. त्या रिकाम्या खोलीत माझाच आवाज मला कसासाच वाटला.

या हिवाळ्यात मावशी गेल्या. दफनाला केवढी गर्दी! इंग्रजीत भाषणं झाली, प्रार्थनेला सगळे एका सुरात 'आमेन' म्हणाले. मुलगा ढसाढसा रडत होता, तरी मला त्याचा रागच आला. त्या दिवशी कुठे होतात रे सगळे?

माती टाकायची माझी पाळी आली. तिथे मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं. मी वाकले आणि म्हटलं, "बोला मावशी, मी ऐकतेय."