दारं धरणारा माणूस

चौदाव्या वर्षी मी एक गोष्ट लिहिली होती आणि ती फार चांगली आहे असा माझा समज होता. एकविसाव्या वर्षी तीच गोष्ट मी पुन्हा लिहायला घेतली, नवऱ्याला पाठवण्यासाठी.

ऐकायला हे लाडिक वाटेल. तसं काही नव्हतं. आजारपणानंतर 'हवापालट' म्हणून सासरच्यांनी मला कोपरगावाहून नेवाशाला माहेरी आणून सोडलं, त्याला चौदा महिने झाले होते. मूळ येत नव्हतं. सासरहून कुणी न्यायला आल्याशिवाय मुलीनं आपण होऊन जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आधी पत्रं आली, मग नुसती कार्डं, मग तीही बंद झाली. आळीतल्या बायका विचारायच्या, "अजून आहेस का गं?" आहे, दिसत नाही का तुम्हाला, असं ओठांवर येई आणि मी गिळून टाकी. "मला घेऊन जा" असं सरळ लिहायला हात धजत नव्हता. नवऱ्याला वाचनाचा नाद होता. पत्राला उत्तर न देणारा माणूस गोष्ट तरी वाचील आणि वाचून समजेल, एवढीच माझी आशा. दुसरा काही उपाय मला दिसत नव्हता.

ती गोष्ट अशी. अण्णा, माझे वडील, कचेरीत कारकून. त्यांची नगरहून इथे बदली झाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. शेतीशी आमचा संबंध अंगणातल्या तुळशीपुरता. आमच्याकडे जोंधळे निवडायला एक बाई यायची. नवऱ्याशी पटेना म्हणून ती भावाकडे येऊन राहिली होती. एकदा निवडता निवडता ती रडायला लागली. आईनं विचारलं, "नवऱ्याचा काही निरोप?" ती म्हणाली, "त्ये व्हय? दारं धरून हायेत." पुढं बोललीच नाही. माझ्या अंगावर काटा आला. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून बायकोची वाट बघत उभा असलेला पुरुष मला लख्ख दिसला. माझ्या गोष्टीत तो दिवसभर तसाच उभा राहतो. मानी आहे, म्हणून उंबरा ओलांडून तिला न्यायला येत नाही. शेवटी तीच जाते आणि तो चौकटीवरचा हात काढून तिला आत घेतो. मास्तरांनी वर्गात ती वाचून दाखवली तेव्हा दोन मुली मुसमुसल्या होत्या, आणि मी लेखिका झाले होते.

लढाईमुळे कागद मिळत नव्हता. अण्णांनी कचेरीतले एका बाजूनं खराब झालेले कागद आणून दिले, त्यांच्या पाठीवर मी लिहायला बसले. जुन्या वहीत काय नव्हतं! शेतकऱ्याची बायको नवऱ्याला 'प्राणनाथ' म्हणत होती. चंद्र तर पानापानावर उगवला होता. ते सगळं मी काढलं. तीन आठवडे खपून गोष्ट चांगली घासूनपुसून घेतली. दारातल्या माणसाला मात्र हात लावला नाही. खरं सांगायचं तर त्या माणसावरच मी चौदा महिने काढले होते. माझा नवराही असाच मानी असेल, असाच दारात उभा राहत असेल, असं मी स्वतःला बजावत आले होते.

गोष्ट पुरी झाली त्या आठवड्यात ती बाई जोंधळे निवडायला आली. अजून भावाकडेच होती. माझ्या मनात आलं, ही तिचीच गोष्ट, तिला वाचून दाखवावी. ती निवडत होती आणि मी वाचत होते. तो चौकट धरून उभा राहतो तिथं आले आणि ती हसायलाच लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना.

"आवं ताई, दारं म्हंजी घराचं दार न्हाई! पान्याची दारं. मोटंचं पानी वाफ्यात घ्यायचं, एक वाफा भरला की माती वढून त्याचं दार बांधायचं, दुसऱ्याचं फोडायचं. त्याला म्हनत्यात दारं धरनं."

"मग तू त्या दिवशी रडलीस कशाला?" मी विचारलं.

"भावानं सांगावा धाडला हुता, बहिनीला घिऊन जा म्हनून. ह्यो म्हनला, सवड न्हाई, दारं धरून हाय." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "सात वर्सं झाली. दारंच धरतोय."

ती हसतच सांगत होती. मला तिचा राग आला, मग स्वतःची शरम वाटली. ती बाई आमच्या ओसरीवर बसून रडली होती आणि मी त्या रडण्यातून माझ्या सोयीचा नवरा काढला होता. बरं, मीच काढलेल्या नवऱ्यावर मीच विश्वास ठेवून बसले होते!

मग मी गोष्ट पुन्हा लिहिली, दोन दिवसांत. आता तो फावडं घेऊन उसात उभा होता, पाय चिखलात, नजर पाण्यावर. बायकोची त्याला आठवण नव्हती असंही नाही, सवड नव्हती. ती भावाच्या घरी जोंधळे निवडत होती. पुढं काही घडत नव्हतं. मी लिहिलेल्यातलं ते सगळ्यात चांगलं होतं, आणि नवऱ्याला पाठवायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

अण्णांना वाटत होतं, पाकीट तयार असेल. टपालात टाकायला म्हणून ते मागायला आले. मी कागदच त्यांच्या हातात दिले. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं.

"पहिली बरी होती," ते म्हणाले.

"पहिली खोटी होती, अण्णा."

ते म्हणाले, "येत्या सोमवारी रजा काढतो. मीच तुला कोपरगावला नेऊन घालतो. त्यांच्या बोलावण्याची वाट बघायची नाही."

"नेऊन घालू नका," मी म्हणाले. "न बोलावता मी जाणार नाही. आणि ते बोलावणार नाहीत."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं. अण्णा खाली बसले. चिडतील असं वाटलं होतं, पण चिडले नाहीत. कागद गुडघ्यावर नीट जुळवत त्यांनी विचारलं, "मग तुझं काय करू मी? तू सांग, तसं करतो."

माझं लग्न ठरवताना त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. आता विचारत होते, अगदी मनापासून. उत्तरासाठी ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला एक वाक्यही सुचलं नाही.